संसार जुळवणं हे समुपदेशकाचं काम नाही

पोलिसांच्या महिला कक्षांच्या कामाची बातमी वर्षअखेरीला छापून येते, तेव्हा मथळा बहुधा ठरलेला असतो : वर्षभरात इतके संसार पुन्हा जुळले. खाली तक्रारी किती आल्या, गुन्हे किती दाखल झाले आणि समेट किती झाले याचे आकडे असतात. समेटाचा आकडा मोठा असला की काम चांगलं झालं असं धरलं जातं. नांदायला परत गेलेल्या बायकांपैकी किती जणींना पुन्हा मार बसला, याचा आकडा मात्र कुठेच नसतो, कारण तो कोणी मोजत नाही. समुपदेशकांच्या प्रशिक्षणाविषयी बोलायचं तर सुरुवात इथूनच करावी लागेल. वर्गात काहीही शिकवलं तरी महिनाअखेरीला ज्या रकान्याचा जाब विचारला जातो, तेच काम माणूस शिकतो.

कायद्याचं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे, आणि तेही आजचं नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ सालचा, अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्याच्या नियमावलीतला १४ वा नियम समुपदेशनाची पद्धत सांगतो आणि तो स्पष्ट आहे. समुपदेशनाचा रोख हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी घेण्यावर असावा. हिंसेचं समर्थन करणारं कोणतंही कारण प्रतिवादीला तिथे मांडता येणार नाही, आणि हे त्याला बैठक सुरू होण्याआधीच सांगावं. समेटाचा प्रयत्न करायचा तो बाईची इच्छा असेल तर. समुपदेशकाच्या कामाची मर्यादाही आखून दिली आहे : बाईची तक्रार समजून घेणं आणि तिचं निवारण कसं होईल ते पाहणं. नवीन समुपदेशकाच्या हातात पहिल्या दिवशी हा एक नियम मराठीत छापून दिला आणि त्यावर दोन तास चर्चा घडवली, तरी पुष्कळ कार्यशाळांपेक्षा जास्त काम होईल.

अडचण अशी की हा नियम न्यायालयाने याच अधिनियमाच्या कलम १४ खाली पाठवलेल्या समुपदेशनाला लागू होतो. प्रत्यक्षात बहुतेक समुपदेशन न्यायालयात पोचण्याच्या कितीतरी आधी होतं. पोलीस ठाण्यात, पोलिसांच्याच भरोसा सेलमध्ये, सरकारी सखी केंद्रात, संस्थांच्या समुपदेशन केंद्रांत आणि गावात तंटामुक्त समितीपुढेही. तिथे समुपदेशकाला बांधून ठेवणारा नियम नाही. बाईला एकटीला भेटायचं की नवऱ्यासमोर बसवायचं, ‘तू उलट बोलतेस म्हणून होतं’ असं म्हणू द्यायचं की नाही, हे खुर्चीवरच्या व्यक्तीच्या समजुतीवर अवलंबून राहतं. म्हणून तिथे प्रशिक्षण हाच बाईचा एकमेव आधार ठरतो.

हा प्रश्न आता आणखी तातडीचा झाला आहे. विवाहितेच्या छळाच्या गुन्ह्यात, म्हणजे जुन्या ४९८-अ आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये, कुटुंब कल्याण समित्या नेमण्याची कल्पना सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुढे आणली आणि २०१८ मध्ये स्वतःच मागे घेतली. पुढे अलाहाबाद उच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये तशाच समित्यांची मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि २२ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यांनुसार फिर्याद नोंदल्यावर दोन महिने अटक नाही आणि या काळात प्रकरण समितीपुढे. समितीवर कोण? तरुण वकील किंवा मध्यस्थ, समाजसेवक, निवृत्त न्यायिक अधिकारी, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सुशिक्षित पत्नी. त्यांना मूलभूत प्रशिक्षण द्यावं असंही म्हटलं आहे, पण ते एका आठवड्याहून जास्त नको. गंभीर दुखापतीची कलमं लागलेली प्रकरणं यातून वगळली आहेत, म्हणजे धोका मोठा असेल तिथे समिती येणार नाही असं वाटू शकतं. तसं का होत नाही, हे गळा दाबण्याच्या एका उदाहरणावरून कळतं.

गळा दाबला जातो तेव्हा बाहेरून खूण उमटतेच असं नाही. अनेकदा काहीच दिसत नाही. बाई स्वतः ‘गळा दाबला’ असं म्हणतही नाही. ती म्हणते, ‘नुसता गळा धरला होता, मारलं नाही.’ न शिकलेला समुपदेशक ‘मारहाण नाही’ असं लिहून पुढे जातो. शिकलेला तिथे थांबतो आणि विचारतो : एका हाताने की दोन्ही हातांनी? श्वास कोंडला का? डोळ्यांपुढे अंधारी आली का? त्यानंतर आवाज बसला होता का, गिळताना दुखत होतं का? कपड्यांत लघवी झाली का? शेवटचा प्रश्न बायकांना लाजवतो, पण शुद्ध हरपत होती याची ती खूण असते. ‘हो’ उत्तर आलं तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात तपासणी आणि वैद्यकीय-न्यायिक नोंद, कारण मानेतल्या रक्तवाहिनीची इजा एक-दोन दिवसांनीही जिवावर उठू शकते. नॅन्सी ग्लास आणि सहकाऱ्यांच्या अमेरिकेतल्या २००८ च्या अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्याकडून खून होण्याची शक्यता सात पटींहून अधिक आढळली. आपल्याकडे मात्र खूण नाही म्हणून पोलीस ठाण्यात साधी दुखापत लावून एन.सी., म्हणजे अदखलपात्र नोंद, होते, गंभीर कलम लागत नाही, आणि पुढे छळाची फिर्याद नोंदली तरी हेच प्रकरण दोन महिन्यांच्या शांतता-काळासाठी पात्र ठरतं. समोर बसलेल्याला हे प्रश्न माहीत नसतील तर सगळ्यात धोक्यातली बाई सगळ्यात सौम्य प्रकरण म्हणून नोंदली जाते.

धोक्याची पाहणी हा म्हणून प्रशिक्षणाचा कणा असायला हवा. अमेरिकेतल्या संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८५ मध्ये तयार केलेली धोका-मापनाची प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यातले बरेच प्रश्न आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडतात. मारहाण अलीकडे वाढली आहे का, ठार मारायची धमकी दिली का, गरोदर असताना मारलं का, जबरदस्तीने संबंध ठेवतो का, तो स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घेण्याची धमकी देतो का. बंदुकीविषयीचा प्रश्न आपल्याकडे बहुतेक घरांत गैरलागू. त्याच्या जागी रॉकेल, कोयता, विहीर आणि फवारणीचं औषध यांविषयी विचारायला हवं. आणि बाई नुकतीच घर सोडून आली असेल किंवा सोडणार असेल, तर पुढचे काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात हे समुपदेशकाच्या मनात पक्कं बसलेलं हवं. ‘माहेरी आली, आता सुरक्षित आहे’ असं म्हणून फाईल मिटवणं ही नेहमी होणारी चूक आहे.

दुसरा प्रश्न तिच्या स्वतःच्या जिवाविषयीचा. तो आडवळणाने विचारून चालत नाही. ‘जीव द्यावा असं वाटतं का? कसा, याचा विचार केलाय का? औषधाची बाटली घरात कुठे असते?’ असं विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेली कल्पना शिरेल, ही भीती नवशिक्यांना हमखास असते आणि ती निराधार आहे. विचारल्याने बहुतेक जणींना बोलायला वाट मिळते. प्रशिक्षणात हे प्रश्न मोठ्याने उच्चारायचा सराव लागतो, कारण वहीत लिहून घेतलेला प्रश्न पहिल्या पाच मुलाखतींत तोंडातून बाहेर पडत नाही. तिघातिघांचे गट करावेत : एकीने बाईची भूमिका घ्यावी, एकीने समुपदेशकाची आणि तिसरीने फक्त बघून टिपावं. कुठे घाईने सल्ला दिला, कुठे ‘पण तुम्ही तेव्हा का नाही निघून आलात?’ असं विचारलं गेलं, कुठे गप्प राहता आलं नाही. भूमिका बदलत हे दिवसातून चार-पाच वेळा व्हायला हवं. आपल्याकडच्या कार्यशाळांत हा भाग शेवटच्या दिवशी जेवणानंतर येतो आणि वेळ संपला म्हणून गुंडाळला जातो.

बाई पहिल्यांदा तोंड उघडते तो क्षण किती दुर्मीळ असतो, हे आकडेवारीवरून दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागितली फक्त १४ टक्क्यांनी. ७७ टक्के जणींनी मदत तर मागितली नाहीच, कोणाला सांगितलंही नाही. ज्या येतात त्यांतल्याही अनेक जणी ‘हिंसा’ घेऊन येत नाहीत. त्या कानाचा पडदा फाटला म्हणून येतात, ‘जिन्यावरून पडले’ म्हणून येतात, चुकून औषध पोटात गेलं म्हणून अपघात विभागात दाखल होतात. मुंबई महापालिका आणि सेहत या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू केलेल्या दिलासा केंद्राचं महत्त्व इथे आहे. बाई आधीच जिथे येते, तिथेच समुपदेशक बसला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष उघडला, त्यामागेही हाच विचार होता. या दोन्ही ठिकाणी समाजकार्याचं शिक्षण घेतलेली माणसं पूर्णवेळ नेमली गेली. नमुना घरातच आहे, बाहेरून आणायची गरज नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खरा आहे : बायकांनाच समेट हवा असतो. ‘मला नांदायचंय, फक्त मार थांबवा,’ असं म्हणणाऱ्या बहुसंख्य असतात. माहेरी जागा नाही, हातात पैसा नाही, मुलं शाळेत आहेत, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय. तिची इच्छा डावलून तिला कोर्टात ढकलणारा समुपदेशकही तितकाच चुकतो. पण ‘मार थांबवा’ ही तिची अट आहे आणि आपण नेमकी तीच विसरतो. तिला नांदायचं असेल तर तिचं नांदणं सुरक्षित कसं होईल, हे काम सुरू होतं. घरात राहण्याचा हक्क कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचं कलम १७ देतं, घर कोणाच्याही नावावर असो. कलम १८ चा संरक्षण आदेश घेऊनही ती त्याच घरात राहू शकते आणि तो आदेश मोडणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. समुपदेशकाला हे ठाऊक नसेल तर तो तिच्यापुढे दोनच वाटा ठेवतो : सोसत राहा नाहीतर सोडचिठ्ठी घे. मग तिने समेट निवडला असं नोंदवहीत लिहिलं जातं.

संयुक्त बैठकीत सर्वांत जास्त बिघडतं, म्हणून तिच्याबद्दल तपशीलात बोलायला हवं. आधी बाईची एकटीची भेट, तीही किमान पाऊण तासाची. आई, भाऊ, पोलीस पाटील, कोणीही खोलीत नको. माहेरच्यांसमोर लैंगिक जबरदस्तीबद्दल कोणी बोलत नाही. धोक्याचे प्रश्न विचारून झाल्यावर तिला स्पष्ट विचारायचं : त्याच्यासोबत बसायचंय का? ‘नाही’ म्हणाली तर बैठक नाही, आणि धोका जास्त दिसत असेल तर ती ‘हो’ म्हणाली तरी नाही. मग त्याची स्वतंत्र भेट. तिने सांगितलेलं काहीही तिच्या परवानगीशिवाय त्याच्यासमोर उच्चारायचं नाही. ‘त्या म्हणतात की तुम्ही त्यांच्या पगाराचं कार्ड ठेवून घेता,’ एवढ्या एका वाक्याची किंमत तिला त्या रात्री मोजावी लागते. बैठकीत तिची खुर्ची दाराजवळ. सासू-सासरे बाहेर. त्याने ‘पण ही फोनवर कोणाशी बोलते ते विचारा’ असं सुरू केलं की तिथेच थांबवायचं, कारण १४ वा नियम आपल्यावर बंधनकारक नसला तरी बरोबर तोच आहे. निघताना ती आधी, तो पंधरा-वीस मिनिटांनी. केंद्राच्या जिन्यात आणि रिक्षा स्टँडवर झालेली मारहाण केंद्राच्या नोंदीत कधी येत नाही.

लेखी हमी घेतात तीही पोकळ असते. ‘यापुढे पत्नीस चांगले वागवीन व तिनेही सासरच्यांचा मान राखावा’ असं मुद्रांकावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या जातात. यात मार खाणाऱ्या बाईवरच अट बसते आणि पुढे न्यायालयात तोच कागद तिच्याविरुद्ध वापरला जातो. हमी एकतर्फी हवी आणि मोजता येईल अशी हवी : हात उचलणार नाही, घराबाहेर काढणार नाही, तिचा फोन आणि बँकेचं पासबुक तिच्याकडे राहील, घरखर्चाची इतकी रक्कम दर महिन्याच्या अमुक तारखेला तिच्या खात्यात जमा करीन. मोडली तर काय, तेही त्यातच लिहायचं. त्यानंतर दोन दिवसांत, आठवड्याने, पंधरवड्याने आणि पुढे सहा महिने दरमहा तिच्याशी संपर्क. या पाठपुराव्याचा फोन कसा करायचा हेही शिकवावं लागतं. तिच्या नंबरवर ‘समुपदेशन केंद्रातून बोलतोय’ असं म्हणणं धोक्याचं, कारण फोन सासू उचलते, किंवा तिचं व्हॉट्सॲप नवऱ्याच्या लॅपटॉपवर उघडं असतं. पहिल्याच भेटीत ठरवायचं : कोणत्या वेळी, कोणाच्या फोनवर, आणि दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचं. बचतगटाच्या मीटिंगचं निमित्त बहुतेक गावांत चालतं.

नोंदींचं शिक्षण जवळजवळ मिळतच नाही. ‘स्वभाव चिडका’, ‘जुळवून घेण्याची तयारी नाही’ असे शेरे फाईलमध्ये असतात आणि दोन वर्षांनी ती फाईल न्यायालय मागवतं. तिचे शब्द तिच्याच बोलीत, अवतरणात, तारीख-वार-वेळेसह लिहायचे. जखम कुठे, किती मोठी, रंग कोणता, हे शरीराच्या छापील आकृतीवर दाखवायचं. आपला अंदाज वेगळा आणि तिचं सांगणं वेगळं. केंद्र कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली सेवा पुरवठादार म्हणून नोंदलेलं असेल तर तिच्या इच्छेने घरगुती घटना अहवाल भरून दंडाधिकारी व संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवता येतो. हे कित्येक केंद्रांत माहीत असूनही होत नाही, कारण तो अर्ज अचूक भरायला दीड-दोन तास लागतात आणि बाहेर सहा बायका बसलेल्या असतात.

गोपनीयतेची मर्यादाही सुरुवातीलाच सांगावी लागते. समोरची मुलगी सतरा वर्षांची, लग्न झालेली आणि गरोदर असेल, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ खाली माहिती देणं समुपदेशकाला टाळता येत नाही. ‘इथलं काही बाहेर जाणार नाही’ असं वचन आधी देऊन बसलेला समुपदेशक मग एकतर कायदा मोडतो नाहीतर वचन.

हे सगळं पुण्या-मुंबईच्या चौकटीत शिकवून भागत नाही. बीड-जालन्याकडची बाई दिवाळीच्या सुमाराला नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याच्या फडावर जाते आणि पाच-सहा महिने परतत नाही. उचल, म्हणजे मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम, जोडप्याच्या नावावर, दोघांची मिळून घेतलेली असते. त्यामुळे ती निघून आली की मुकादमही तिच्या मागे लागतो. तिच्यासाठी सुरक्षिततेची योजना म्हणजे कोल्हापूर किंवा सांगलीकडच्या फडाजवळचं पोलीस ठाणं आणि तिथल्या आशाताईंचा नंबर. मेळघाटात कोरकू आणि सातपुड्यात पावरी बोलणाऱ्या बाईसमोर दुभाषी म्हणून तिचाच दीर बसवला जातो, तेव्हा ते समुपदेशन राहत नाही. जातपंचायत मधे पडलेली असेल तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा समुपदेशकाला ठाऊक हवा. ही प्रकरणं प्रशिक्षणाच्या मुख्य भागात हवीत, ‘विशेष गट’ म्हणून शेवटच्या तासात नकोत.

मग किती शिकवायचं? आमच्या मते वर्गातले बारा दिवस हे किमान, आणि तेही सलग नकोत. चार-चार दिवसांचे तीन टप्पे, मधे सहा-सहा आठवडे प्रत्यक्ष काम, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात माणूस स्वतःचे प्रश्न घेऊन येतो. पहिल्या दहा मुलाखती अनुभवी समुपदेशकासोबत बसून. नंतर दर पंधरवड्याला प्रकरण-चर्चा, जिच्यात ‘इथे मला काय करायचं कळलं नाही’ असं म्हणायला कोणी कचरणार नाही. ही देखरेख नसेल तर बारा दिवसांचं शिक्षण सहा महिन्यांत उडून जातं आणि माणूस आजूबाजूच्या हवेनुसार बोलू लागतो : ‘ताई, पुरुषाचा राग असतोच, थोडं समजून घ्या.’ दिवसाला दोनपेक्षा जास्त नवी प्रकरणं एका समुपदेशकाकडे देऊ नयेत. जास्त दिली की सर्वांत आधी गळतो तो धोक्याचा प्रश्न, कारण त्याचं उत्तर आलं तर पुढचे तीन तास त्यातच जातात.

खर्चाचा मुद्दा इथेच येतो. समुपदेशक अकरा महिन्यांच्या करारावर, मानधन पोलीस शिपायाच्या पगारापेक्षा कितीतरी कमी आणि तेही कधी कधी महिनोन्‌महिने थकलेलं. शिकून तयार झालेली माणसं दोन वर्षांत दुसरी नोकरी धरतात आणि त्यांच्या जागी आलेल्यांचं प्रशिक्षण पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतं. रोज अशा गोष्टी ऐकणाऱ्याला झोप न लागणं, चिडचिड होणं, बायकांचीच चीड येऊ लागणं, हे सगळं ठरलेलं आहे. त्यासाठी रजा आणि बोलायला माणूस लागतो. महिला व बालविकास विभागाने दर जिल्ह्यात एक पूर्णवेळ, कायम पदावरचा देखरेख करणारा ज्येष्ठ समुपदेशक नेमला, तर ३६ पदं होतात. राज्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधावी लागेल इतकी लहान आहे. त्या पदाकडे तीन कामं द्यावीत : पंधरवड्याची प्रकरण-चर्चा, नवीन माणसाच्या पहिल्या दहा मुलाखती, आणि मासिक तक्त्यात समेटाच्या रकान्याऐवजी दोन नवे रकाने भरून घेणं. एक, धोक्याची पाहणी किती जणींची झाली. दोन, सहा महिन्यांनी संपर्क केला तेव्हा किती जणी म्हणाल्या की त्यानंतर हात उचललेला नाही.